मिठाचा रस्ता

'वाळवंट' या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. वारकऱ्याच्या तोंडी वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे पात्र: जिथे माणसे जमतात, टाळ वाजतात, कीर्तन उभे राहते, आणि पाणी चार पावलांवर असते. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात तोच शब्द सहाराला लावलेला असतो. तिथे माणूस नाही, पाणी नाही, आणि कोणी कोणाची वाट पाहत नाही. एकाच शब्दात इतकी दाटी आणि इतके निर्मनुष्यपण कसे नांदते याचा विचार शब्दकोशकारांनी फारसा केलेला दिसत नाही. त्यांनी दोन्ही अर्थ शेजारीशेजारी मांडले आणि ते पुढच्या शब्दाकडे वळले. तीच गोष्ट समुद्राची. मराठी मनातला किनारा हा कोकणचा किनारा आहे. माड, खाडी, खाजण, आणि वर्षातले चार महिने कोसळणारा पाऊस यांच्यावाचून समुद्र ही कल्पना मराठीत उभीच राहत नाही. समुद्राच्या लाटा थेट कोरड्या वाळवंटावर येऊन फुटतात, पाऊस वर्षानुवर्षे नावालाच पडतो, आणि तरीही सकाळी कपडे ओले होतात, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ते कोडे वाटेल.

नामिबियाच्या उत्तर किनाऱ्यावर हे कोडे शेकडो किलोमीटर पसरलेले आहे. त्याला जग 'स्केलेटन कोस्ट', म्हणजे सांगाड्यांचा किनारा, या नावाने ओळखते. दक्षिणेकडून येणारा बेंग्वेलाचा थंड प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो. त्याच्यावरची हवा गारठते, तिला पाऊस होण्याइतके वर चढता येत नाही, आणि ती धुक्याच्या रूपाने जमिनीवर सरकत येते. वर्षातले शंभराहून अधिक दिवस असे धुक्याचे असतात. या धुक्यावर तिथली सृष्टी जगते. एका जातीचा काळा भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकडीवर चढून डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर साचलेले धुक्याचे थेंब ओघळून त्याच्या तोंडात येतात. आणि या धुक्यावरच, हे सांगितल्यास अतिशयोक्ती वाटेल पण तसे नाही, तिथला रस्ताही जगतो.

स्वाकोपमुंड या गावाहून उत्तरेस निघणारा सी ३४ क्रमांकाचा रस्ता समुद्राला डाव्या हाताला ठेवून जातो. हेंटीस बे हे मच्छीमारीच्या शौकिनांचे गाव मागे पडले की पुढचा रस्ता डांबराचा नाही, खडीचाही नाही. तो मिठाचा आहे. वाळवंटातली जिप्समयुक्त माती पसरायची, तिच्यावर मिठागरातले दाट खारे पाणी शिंपायचे, ती दाबून सपाट करायची आणि वाळू द्यायची. पुढे जाणाऱ्या गाड्यांची चाके ती आणखी घट्ट करतात आणि टायरच्या रबराने तिला काळसर तकाकी येते. लांबून पाहणारा तिला डांबरच समजेल. जिप्सम आणि मीठ दोन्ही ओलाव्याने एकमेकांना धरून राहतात, आणि तो ओलावा पुरवण्याचे काम धुके करते. मोठा पाऊस पडणाऱ्या मुलखात असा रस्ता पहिल्याच मृगात वाहून जाईल. जिथे पाऊसच नाही तिथेच तो टिकतो. पाण्याच्या अभावावर उभा असलेला आणि दवावर पोसलेला असा हा रस्ता आहे.

मात्र जे धुके त्याला धरून ठेवते तेच त्याला घातक करते. कोरड्या दुपारी हा रस्ता इतका गुळगुळीत असतो की चालकाला वेगाचे भान राहत नाही. पहाटे आणि संध्याकाळी त्याच पृष्ठभागावर बुळबुळीत थर चढतो. ब्रेक दाबला की गाडी थांबण्याऐवजी आडवी होते. म्हणून तिथे भर दिवसाही हेडलाइट लावून गाडी चालवावी असा दंडक आहे. धुक्यात समोरून येणारी गाडी दिसते ती आधी दोन फिकट ठिपक्यांच्या रूपाने, आणि ते ठिपके किती दूर आहेत हे सांगणारी झाड, खांब, घर अशी एकही खूण आजूबाजूस नसते. भारतातून गेलेल्या चालकाला एवढाच दिलासा की गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते. हा दिलासाही फसवा आहे. सवयीचा हात आणि अनोळखी जमीन ही जोडी बरी नव्हे. आपण घरीच आहोत असे वाटू लागते, आणि नामिबियात बाहेरच्या प्रवाशांचे जे अपघात होतात त्यांतले पुष्कळसे दुसऱ्या गाडीशी टक्कर होऊन घडत नाहीत. रस्त्यावर दुसरे कोणी नसते. एकटी गाडी वळणावर घसरते, चालक घाबरून चाक एकदम उलट फिरवतो, आणि गाडी उलटते.

उत्तरेकडे सरकत जावे तसा मिठाचा थर विरळ होतो आणि खडी, वाळू, खडबडीत मुरूम यांचे राज्य सुरू होते. इथे चालकाची गाठ पडते ती रस्त्याच्या लाटांशी. हातभर अंतरावर एक अशा आडव्या वळ्या रस्त्यावर उमटलेल्या असतात. आफ्रिकान्स भाषेत अशा रस्त्याला 'सिंकप्लाट' म्हणतात, म्हणजे अक्षरशः पन्हळी पत्रा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच प्रतिमा निवडावी असे हे उदाहरण नव्हे. मराठीत अशा रस्त्याला नाव नाही, पण पन्हळी पत्रा म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तो रस्ता उभा राहतो, हे खरे. या वळ्या कोण पाडते? पुष्कळ दिवस असा समज होता की गाड्यांच्या स्प्रिंगांच्या हिंदकळण्यामुळे त्या पडतात. २००७ साली टाबेरले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या संशोधकांनी वाळूच्या गोल पट्ट्यावर एक चाक फिरवून दाखवले की स्प्रिंग नसली तरी, किंबहुना चाकाऐवजी नुसती फळी ओढली तरी, ठराविक वेगाच्या वर वळ्या उमटतातच. त्या वेगाच्या खाली राहिले तर रस्ता सपाट राहतो. पण तो वेग इतका कमी की तेवढ्या हळू कोणीच जात नाही. प्रत्येकाची घाई थोडीशीच असते आणि ती सर्व मिळून रस्त्यावर कोरली जाते.

या वळ्यांवरून जाण्याची एक युक्ती जुने चालक सांगतात: हळू जाऊ नका, ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेग धरा, म्हणजे चाके वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत जातात. युक्ती खरी आहे. दात वाजायचे थांबतात, खिडक्यांची खडखड शमते, चालकाला हायसे वाटते. पण चाके माथ्यांवरून तरंगतात याचा दुसरा अर्थ असा की ती निम्मा वेळ जमिनीला टेकलेलीच नसतात. आणि जे चाक जमिनीवर नाही ते वळणार नाही की थांबणार नाही. म्हणजे जिथे प्रवास सुखाचा होतो नेमके तिथेच चालकाच्या हातातून गाडी सुटलेली असते. दुसरा उपाय टायरमधली हवा कमी करण्याचा. खडीवर थोडी कमी, आणि मऊ वाळूत शिरायचे असेल तर पंधरा-अठरा पौंडांपर्यंत. टायर पसरतो, गाडीचे ओझे अधिक जागेवर वाटले जाते आणि चाक वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून चालते. उंटाच्या पावलाची हीच रीत आहे. मात्र कठीण जमिनीवर परत आल्यावर हवा पुन्हा भरावी लागते, नाहीतर टायर तापून फुटतो. आणि ती भरण्याचा पंप जवळ नसेल तर दोन स्टेपन्या असूनही उपयोग नाही. पाणी, फावडे, जॅक आणि जॅकखाली ठेवायला एक फळी. ही यादी पाठ असलेला माणूस त्या रस्त्यावर शहाणा समजला जातो. दूरध्वनीचा संपर्क बहुतेक वाटेवर नसतो.

हेंटीस बेला पोचण्यापूर्वी, गावाच्या दक्षिणेस सुमारे चौदा किलोमीटरवर, किनाऱ्यालगतच्या पाण्यात एक मच्छीमारी जहाज कलंडून उभे आहे. त्याचे नाव झेला. पाणकावळे त्याच्या डोलकाठ्यांवर दाटीने बसतात. २५ ऑगस्ट २००८ रोजी पहाटे ते इथे लागले. ते भंगार म्हणून एका भारतीय कंपनीला विकले गेले होते आणि दोराने ओढून मुंबईस नेले जात होते. वॉल्विस बेहून निघाल्यावर थोड्याच अंतरावर दोर सुटला. जुनी जहाजे तोडण्याचा धंदा मुंबईच्या दारूखान्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे. जहाजाचा पत्रा, पितळ, लाकूड, दोरखंड सगळ्याचे तिथे पैसे होतात आणि जहाज असे काही मागे उरत नाही. झेला तिथवर पोचले नाही. मुंबईला जे काही महिन्यांत झाले असते ते काम इथे समुद्र आणि मीठ सावकाश करीत आहेत. दक्षिणेकडे कन्सेप्शन बेजवळ १९०९ साली लागलेले एडुआर्ड बोलेन हे जर्मन जहाज तर आता समुद्रापासून काहीशे मीटर आत, वाळूत उभे आहे. जहाज हलले नाही, किनाराच पुढे सरकला.

हेंटीस बेच्या उत्तरेस केप क्रॉस. तिथे लाखभराहून अधिक सील एका खडकाळ टोकावर राहतात आणि त्यांचा वास त्यांच्याआधी रस्त्यावर येतो. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगू काँव याने १४८६ च्या सुमारास इथे राजाच्या आज्ञेने दगडी क्रूस उभा केला. त्याच्यावरील लेखात साल दोन प्रकारे दिलेले होते: जगाच्या उत्पत्तीपासून ६६८५ आणि ख्रिस्तजन्मापासून १४८५. शक आणि संवत शेजारीशेजारी लिहिणाऱ्या आपल्या ताम्रपटांच्या अभ्यासकाला या सवयीत परके काही वाटणार नाही. त्या क्रुसानंतर बारा-तेरा वर्षांत, १४९८ मध्ये, वास्को द गामा कालिकतला पोचला आणि १५१० मध्ये गोवे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. गोव्याच्या इतिहासाची एक पायरी या ओसाड टोकावर आहे, हे गोव्याच्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते. दियोगू काँव स्वतः मात्र पुढे भारत पाहू शकला नाही. क्रूसही जागेवर राहिला नाही. १८९३ मध्ये जर्मन नौदलाने तो उचलून नेला, त्याच्या जागी नवा बसवला. मूळ दगड बर्लिनच्या संग्रहालयात राहिला, आणि तो नामिबियास परत देण्याचा निर्णय जर्मनीने २०१९ मध्ये जाहीर केला.

पोर्तुगीज वाङ्मयात जहाजफुटीच्या हकिकतींचा एक स्वतंत्र प्रकार आहे. भारताच्या वाटेवर बुडालेल्या गलबतांच्या अशा हकिकती गोमिश द ब्रितू याने १७३५-३६ मध्ये एकत्र छापल्या. त्या वाचणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येते. जहाज फुटण्याचा प्रसंग लवकर आटोपतो. खरी हकिकत सुरू होते ती माणसे किनाऱ्याला लागल्यावर. कोचीनहून निघालेले साँव जुवाँव हे गलबत १५५२ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर फुटले, तेव्हा वाचलेल्यांपैकी बहुतेक नंतरच्या चालीत मेले. समुद्रातून सुटलेल्या माणसाला जमीन मारते. सांगाड्यांच्या किनाऱ्याचे नावही त्याच अनुभवातून आलेले आहे, आणि ते रूढ झाले ते जॉन मार्श या पत्रकाराच्या १९४४ मधील त्याच नावाच्या पुस्तकामुळे. पुस्तकाचा विषय डनेडिन स्टार या जहाजाची हकिकत.

नोव्हेंबर १९४२. महायुद्ध चालू. लिव्हरपूलहून मध्यपूर्वेतील फौजांसाठी युद्धसामग्री घेऊन निघालेले हे जहाज २९ तारखेच्या रात्री पाण्याखालच्या खडकावर आपटले आणि बुडू नये म्हणून कप्तानाने ते कुनेने नदीच्या दक्षिणेस किनाऱ्याकडे घातले. जहाजावर एकशे सहा माणसे होती. मोटारबोटीने त्यांतली त्रेसष्ट किनाऱ्यावर उतरवली. त्यांत स्त्रिया होत्या, तान्ही मुले होती. मग बोटच लाटांनी निकामी झाली. उरलेल्यांना दुसऱ्या जहाजांनी समुद्रातूनच उचलले, आणि किनाऱ्यावरच्या त्रेसष्टांच्या वाट्याला पुढे समुद्र, मागे वाळू आली. मदतीस आलेल्यांपैकीही काही अडकले. कॅप्टन नॉदे याने विमानातून अन्नपाणी टाकले. मग स्त्रिया आणि मुले तरी नेता येतील म्हणून तो खाली उतरला, आणि विमानाची चाके वाळूत रुतली. सर चार्ल्स एलियट ही टग परत फिरताना दक्षिणेस रॉकी पॉइंटपाशी खडकांवर गेली.

उरला जमिनीवरचा मार्ग. कॅप्टन स्मिथ या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली ट्रकांचा ताफा विंडहुकहून निघाला. त्या वेळी त्या किनाऱ्याला रस्ता नव्हता. आजचा चालक टायरमधली हवा कमी करून, पंप जवळ बाळगून जे करतो ते त्या माणसांना जाता जाता शिकावे लागले. ट्रक रुतायचा, खणून काढायचा, चार हात पुढे न्यायचा, पुन्हा खणायचा. साऱ्या दिवसाच्या श्रमांनी पदरात काही मैलच पडावेत असे दिवस गेले. विमानाने तासाभरात ओलांडावे असे अंतर त्यांनी दिवसांच्या हिशेबाने कापले, पण ज्यांना पोचायचे होते त्यांच्यापर्यंत जमिनीवरून पोचले ते हेच. त्रेसष्टांपैकी एकही दगावला नाही. डिसेंबर संपत आला तेव्हा, नाताळाच्या सुमारास, किनाऱ्यावर उरलेली माणसे विंडहुकला आली. रुतलेले विमान जानेवारीत खणून काढले, ते उडाले, आणि पाऊण तासाच्या आत समुद्रात कोसळले. त्यातली तिन्ही माणसे पोहत किनाऱ्याला लागली.

डनेडिन स्टारवरचे सर्व वाचले. मेले ते दोघे, आणि दोघेही सोडवायला आलेल्या टगवरचे. अँगस मॅकइंटायर हा टगचा पहिला मेट, आणि मथियास खोरासेब हा खलाशी. खडकांवर गेलेल्या टगवरून किनारा गाठताना लाटांनी त्यांना नेले. मॅकइंटायरला किनाऱ्यावर पुरले. खोरासेबचा देह मिळाला नाही. त्या प्रदेशात जन्मलेला माणूस त्याच किनाऱ्यावर हरवला आणि स्कॉटिश नावाच्या परदेशी माणसाला तिथली जमीन मिळाली. सुटकेची हकिकत जिथे जिथे सांगितली जाते तिथे स्मिथ येतो, नॉदे येतो, कप्तान येतो. खोरासेबला एखाद-दुसरे वाक्य मिळते, आणि त्या वाक्यातही तो मॅकइंटायरच्या मागून येतो. तो कुठला, घरी कोण होते, बातमी कोणी कोणत्या भाषेत सांगितली, याला त्या हकिकतीत जागा नाही. जहाजफुटीच्या सर्व वाङ्मयाबद्दल हे म्हणता येईल: ज्यांनी दप्तर लिहिले त्यांच्या माणसांची नावे उरली. पोर्तुगीज हकिकतींतही अमीरउमरावांची नावे आहेत आणि गुलामांचे आकडे आहेत. या देशात तर हा हिशेब अधिकच जड आहे. स्वाकोपमुंडला १९०४ ते १९०८ या काळात जर्मनांच्या छावणीत मेलेल्या हेरेरोंच्या अनाम कबरी वाळूचे नुसते उंचवटे होऊन पडल्या आहेत, आणि मिठाच्या रस्त्याला निघणारी प्रत्येक गाडी त्याच गावातून निघते.

रॉकी पॉइंटला मात्र सामान्य चालक जाऊ शकत नाही. युगाब नदीच्या पात्रापाशी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे. फाटकावर कवटी आणि दोन हाडे रंगवलेली आहेत. पर्यटक तिच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतात. आत जाणाऱ्याची नोंद होते, आणि दुपारनंतर उशिरा येणाऱ्यास आत सोडत नाहीत, कारण अंधार पडण्यापूर्वी त्याने दुसऱ्या टोकाला पोचले पाहिजे. युगाब, हुआब, कोइगाब, उनियाब. या साऱ्या नद्या बहुतेक काळ वाळूच्याच असतात. वरच्या मुलखात पाऊस झाला तर एखाद्या दिवशी अकस्मात पाणी येते आणि रस्ता तोडून समुद्राला मिळते. पंढरपूरचे वाळवंट आणि भूगोलातले वाळवंट कुठे एकमेकांना भेटत असतील तर ते इथे: नदीचे पात्र आहे, वाळू आहे, आणि वारकरी नाहीत. टेरेस बेपर्यंत सामान्य चालकाला जाता येते. त्यापुढे नाही.

ही बंदी बऱ्याच चालकांना जाचते. तिचे कारण जमिनीवर लिहिलेले आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे करडे पठार दिसते ते मृत नाही. त्यावर दगडफुलांचा पातळ थर आहे, धुक्यावर वाढणारा, वर्षाकाठी केसभरही न सरकणारा. त्यावरून एकदा गाडी गेली की चाकांचे पट्टे दशकानुदशके राहतात. पाऊस नाही, म्हणून पुसले जात नाहीत. मराठीत 'रस्ता' आणि 'वाट' यांत फरक आहे. रस्ता सरकार बांधते, वाट पावलांनी पडते आणि पावले थांबली की मोडते. इथे मोडत नाही. पलीकडे काय आहे ते पाहावे एवढ्याच कुतूहलाने कोणी पाच मिनिटे रस्ता सोडून गेला, तर त्याची वाट त्याच्यामागे कितीतरी वर्षे तिथे पडून असते.

परतीच्या वाटेवर, केप क्रॉस आणि हेंटीस बे यांच्या दरम्यान, रस्त्याच्या कडेला लाकडी टेबले मांडलेली दिसतात. त्यांवर मिठाचे गुलाबी आणि पांढरे स्फटिक ठेवलेले असतात आणि शेजारी एक डबा. विकणारा नसतो. स्फटिक घ्यावा, पैसे डब्यात टाकावेत. वाऱ्याने डबा उडू नये म्हणून त्यात दगड घातलेला असतो. चालक गाडी बंद करून उतरतो तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा समुद्राचा आवाज ऐकू येतो. तो एक खडा निवडतो, नाणी टाकतो आणि धुके येण्यापूर्वी निघतो. गावात पोचल्यावर पहिले काम गाडी गोड्या पाण्याने खालून धुण्याचे. चाकांच्या कमानीतून करड्या चिखलाच्या पापड्या निखळून पडतात आणि त्या न धुता ठेवल्या तर वर्षभरात पत्रा खातात.